प्रतापसिंह भोसले (सातारा)

छत्रपती प्रतापसिंह भोसले (१८ जानेवारी १७९३ – १४ ऑक्टोबर १८४७) हे सातारच्या गादीवरील भोसले घराण्यातील राजे होते. कबुलीपत्रावर सही करण्यास नकार दिल्यामुळे १८३९ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना पदच्युत केले.

राज्यारोहण व कारभार

वडील दुसरे शाहू यांच्या मृत्यूनंतर १८०८ मध्ये प्रतापसिंह गादीवर आले. प्रत्यक्ष सत्ता पेशव्यांच्या हाती होती. फेब्रुवारी १८१८ मधील आष्टीच्या लढाईत ते ब्रिटिशांच्या ताब्यात आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना सातारचे राज्य दिले. मात्र रेसिडेंटच्या संमतीशिवाय बाहेरच्या सत्तांशी व्यवहार करण्यास त्यांना मनाई होती. पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने १८२२ मध्ये कारभार त्यांच्याकडे सोपवला. साताऱ्यातील रस्ते, पाणीपुरवठा व शाळा यांकडे त्यांनी लक्ष दिले.

आरोप व चौकशी

औंध, फलटण, भोर, अक्कलकोट आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील जत या जहागिरींवरील अधिकारावरून त्यांचे मुंबई सरकारशी मतभेद वाढले. १८३६ मध्ये देशी पलटणीतील अधिकाऱ्यांना फितवल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. चौकशीसाठी गुप्त आयोग नेमण्यात आला. पुढे गोव्याचे पोर्तुगीज व नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचे आरोपही जोडले गेले. पुराव्याची कागदपत्रे पाहून उत्तर देण्याची पुरेशी संधी त्यांना मिळाली नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

पदच्युती

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्यात आले. तहभंग झाल्याचे मान्य करणाऱ्या मजकुरावर सही केल्यास झाले गेले विसरून गादी कायम ठेवण्याची तयारी त्यांनी दाखवली. सही केली तर न केलेल्या गुन्ह्याची कबुली ठरणार होती आणि नाकारली तर राज्य जाणार होते. प्रतापसिंहांनी सही नाकारली व उघड चौकशीची मागणी केली. आरोपांचा उघड न्यायनिवाडा झाला नाही. नकार हेच कारवाईचे निमित्त ठरले. ५ सप्टेंबर १८३९ रोजी रेसिडेंट ओव्हान्स याने त्यांना राजवाड्यातून ताब्यात घेतले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीस झाली.

न्यायासाठी प्रयत्न व मृत्यू

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून दाद मागितली. ब्रिटिश संसदसदस्य जोसेफ ह्यूम यांच्यासारख्यांनी त्यांची बाजू मांडली, परंतु निर्णय बदलला नाही. काशी येथेच प्रतापसिंहांचे निधन झाले. १८४८ मध्ये शहाजींच्या मृत्यूनंतर त्यांचे दत्तकविधान नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह व रंगो बापूजी यांच्यावर ग्रंथ लिहिला आहे.