रे. नारायण शेषाद्री

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. 1608 साली तेथे जन्मलेल्या त्या बालकाचे नाव नारायण. तो लग्नमंडपातून ईश्वरप्राप्तीस्तव निघून गेला, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्याच जिल्ह्यात आणखी एका नारायणाने आपले आयुष्य वेचिले. त्याची ओळख मात्र थोड्यांस आहे.

ब्राह्मण कुळातील नारायण शेषाद्री मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले व 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागून मिशनऱ्यांकडे आला. पण तो अल्पवयी म्हणून न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. त्यास ज्ञातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि त्या वादाने मुंबई ढवळून निघाली. पवित्र आत्मा मार्ग दाखवितो व त्यावर चालण्याचे बळही देतो, अशी आम्हां ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे; परंतु त्या मार्गावर ताटातूट नाही, असे कोणी समजू नये. त्या पित्याचे दुःखही, आमच्या मते, खरेच होते.

पुढे नारायणराव उपदेशक होऊन जालन्यास आले. ज्या मातंग बांधवांस गाव वेशीबाहेर ठेवी, त्यांत हा ब्राह्मण जाऊन बसला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळवून त्यांनी नव्या ख्रिस्ती मंडळीसाठी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. बेथेल म्हणजे देवाचे घर. घर सोडून निघालेल्या याकोबानेच ते नाव प्रथम ठेविले होते. 1873 साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत नारायणराव आपल्या देशी पागोट्यानिशी बोलावयास उभे राहिले. 1891 साली समुद्रप्रवासातच त्यांचे देहावसान झाले. बेथेलास ते परतले नाहीत.