दोघांचा बेत, एकटीचा प्रवास आणि परतीची बोट

ऑक्टोबर १८८६ मध्ये एक मराठी जोडपे न्यूयॉर्कहून बोटीने मायदेशी निघाले. पत्नी नुकतीच डॉक्टर झाली होती आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी तिची वाट पाहत होती. वय होते एकवीस. पण बोटीत चढली तेव्हा ती डॉक्टर कमी आणि रुग्णच जास्त होती. तिला क्षय झाला होता. डॉ. आनंदीबाई जोशी आणि गोपाळराव जोशी यांचा हा एकत्र केलेला पहिला आणि शेवटचा मोठा समुद्रप्रवास.

आनंदीबाईंची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. ती बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण या गोष्टीला आरोग्याचीही एक बाजू आहे. वेळेवर न मिळालेली वैद्यकीय मदत, परदेशातील अपुरे अन्न, धुराने भरणारी खोली आणि ज्याचे कारण सापडले होते पण औषध सापडले नव्हते असा आजार, हे सगळे त्यांच्या बावीस वर्षांच्या आतल्या आयुष्यात येऊन गेले.

दहा दिवसांचे बाळ

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, माहेर कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव विधुर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता आणि त्या काळात तो विरळाच. मात्र या ध्यासाला कठोरपणाची धार होती. अभ्यासात हयगय झाली की ते मारहाणही करत. आनंदीबाईंचे शिक्षण त्यांच्यामुळे झाले हे जितके खरे, तितकाच त्या शिक्षणातला हा जाचही खरा.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. त्या काळी बाळंतपण घरात, सुईणीच्या हातून व्हायचे. गुंतागुंत झाली तरी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे बहुतेक घरांत अशक्य होते आणि स्त्री डॉक्टर तर जवळपास नव्हत्याच. लाजेपोटी दुखणे अंगावर काढायचे आणि त्यातच जायचे, हे असंख्य बायकांच्या वाट्याला येत होते. आपण वैद्यक शिकायचे, हा आनंदीबाईंचा निश्चय या मृत्यूतून आला. पुढे त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तोही हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावरच.

जायचे होते दोघांना

अमेरिकेला जाण्याचा मूळ बेत दोघांचा होता. गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची इच्छा कळवली आणि स्वतःसाठी तिकडे काही काम मिळेल का, याचीही चौकशी केली. ख्रिस्ती व्हाल तर मदत करू, असा उत्तराचा सूर होता. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना वाचला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि त्यातून आयुष्यभराचे नाते जुळले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज करत हे जोडपे बंगालमध्ये पोहोचले. तिथे आनंदीबाईंची प्रकृती खालावू लागली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण उतार पडला नाही. म्हणजे बोटीत पाय ठेवण्याआधीच शरीर कुरकुरत होते. तरीही बेत पुढे सरकला. फक्त त्यातला एक जण गळला. नोकरी आणि पैसा या दोन्ही अडचणींमुळे गोपाळरावांना मागे राहावे लागणार होते.

विवाहित हिंदू स्त्रीने एकटीने सातासमुद्रापार जायचे, म्हणजे धर्म बुडालाच अशी ओरड झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून त्याला उत्तर दिले. स्त्री डॉक्टरांची गरज त्यांनी समजावून सांगितली आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. हे श्रीरामपूर म्हणजे हुगळीकाठचे. तिथून जवळच्या कलकत्ता बंदरातून ७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ ही बोट सुटली. अठरा वर्षांच्या आनंदीबाई बोटीत होत्या, गोपाळराव धक्क्यावर. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण आपले म्हणावे असे कोणी नव्हते.

पोटाला काय आणि अंगाला काय

४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिन्यांचा प्रवास झाला होता. बोटीवरचा स्वयंपाक मांसाहारी प्रवाशांच्या सोयीचा आणि आनंदीबाई शाकाहारावर ठाम. डाळ नाही, दूध-दही हवे तसे नाही. अशा आहारात भूक कशीबशी भागते, पण प्रथिने आणि जीवनसत्त्वे कमी पडतात. आजची आहारतज्ज्ञ मंडळी हे चटकन सांगतील. त्या काळी जीवनसत्त्व हा शब्दही जन्माला आला नव्हता.

रोझेलला मावशींच्या घरी उन्हाळा बरा गेला. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी आपुलकीने लक्ष घातले आणि शिष्यवृत्तीही मिळाली. पण बर्फाळ हिवाळ्यात आनंदीबाईंची खोली नीट गरम होत नसे. शेगडी पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पोशाखात एवढी तडजोड झाली, जेवणात मात्र नाही.

थंडीने क्षय होतो असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. क्षय जंतूंमुळे होतो. रुग्णाच्या खोकल्यातून हे जंतू हवेत येतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे आत जातात. जंतू शिरले की लगेच आजार होतोच असे नाही. संसर्ग झालेल्या बहुतेकांच्या शरीरात ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात आणि दहा टक्क्यांपर्यंत लोकांनाच पुढे कधीतरी आजार होतो. प्रतिकारशक्ती ढासळली की त्यांना डोके वर काढायला वाव मिळतो. अपुरे पोषण हे त्याचे एक मोठे कारण, आणि घरातला धूरही धोका वाढवतो. कमी जेवण, धुराची खोली आणि रात्रंदिवस अभ्यास असे तिन्ही आनंदीबाईंच्या वाट्याला एकदमच आले होते.

कारण सापडले, औषध नाही

योगायोग असा की, क्षयाचा जंतू सापडल्याची घोषणा रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी केली. आनंदीबाई कलकत्त्याहून निघण्याच्या अवघे वर्षभर आधी. म्हणजे त्या शिकत होत्या तेव्हा वैद्यकाला या आजाराचे मूळ नुकतेच कळले होते. पण उपचार जुनेच होते : विश्रांती, मोकळी हवा, पौष्टिक अन्न, कॉड माशाच्या यकृताचे तेल. छातीचा एक्स-रे काढण्याची सोय नव्हती, कारण क्ष-किरणांचाच शोध १८९५ सालचा.

आजारपण सोसत त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. गोपाळरावही १८८५ मध्ये नोकरी सोडून अमेरिकेत आले आणि ठिकठिकाणी व्याख्याने देत फिरले. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले, तेव्हा पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. त्यामुळे १८८६ हे भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणातले मोठे वर्ष ठरले. कोल्हापूर संस्थानाने नेमणूक देऊ केली. पण हाती पदवी आली तोवर प्रकृती हाताबाहेर चालली होती.

परतीची बोट

आता जोडपे एकत्र निघाले. साडेतीन वर्षांपूर्वी बंदरावर राहिलेला माणूस या वेळी शेजारी होता, पण त्याच्याजवळ करण्यासारखे फारसे काही नव्हते. त्या काळचे अनेक डॉक्टर क्षयाच्या रुग्णांना समुद्रप्रवासाचा सल्ला देत. खाऱ्या, स्वच्छ हवेने फुप्फुसे सुधारतात अशी समजूत होती. प्रत्यक्षात बोटीची दमट, बंदिस्त खोली, लाटांमुळे लागणारी उलटी आणि न रुचणारे जेवण यांनी आधीच खंगलेले शरीर आणखी खंगायचे. क्षयात भूक मरते, ताप आणि घाम यांनी वजन उतरते. अशा रुग्णाला बोट लागणे म्हणजे राहिलेली ताकदही जाणे. हवेतून पसरणारा हा आजार बंद खोलीतल्या इतरांनाही धोक्याचा असतो, पण ती काळजी घेण्याची रीत तेव्हा रुळली नव्हती.

अटलांटिक, विलायत, सुएझ कालवा, अरबी समुद्र असा पाच-सहा आठवड्यांचा प्रवास करून दोघे नोव्हेंबरच्या मध्याला मुंबईला पोहोचले. स्वागत जोरात झाले. बोटीतून निघाली तेव्हा टीका करणारा समाज आता तिच्या दर्शनाला येत होता. पुण्यात उपचार सुरू झाले. लोकमान्य टिळकांनी पत्र लिहून शंभर रुपयांची मदत पाठवली. पण कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या कधी रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस पूर्ण व्हायला महिना-सव्वा महिना उरला होता. रक्षा बोटीने पुन्हा अमेरिकेला गेली. कार्पेंटर मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

आज काय वेगळे असते

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक १९४३ मध्ये सापडले. त्यानंतर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन ही औषधे आली. आज औषधांना दाद देणारा फुप्फुसाचा क्षय साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर तपासणी लांबवू नये. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

दुसरी गोष्ट अन्नाची. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्या माणसांना पोषक शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. उपचार सुरू असलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून मिळणारी रक्कमही नोव्हेंबर २०२४ पासून महिना पाचशेवरून एक हजार रुपये झाली, ती यासाठीच. डाळ, दाणे, दूध, अंडी यांपैकी जे ज्याला चालते ते ताटात असणे हा क्षयाच्या उपचाराचाच भाग आहे. शाकाहार ही अडचण नव्हे. अपुरा आहार ही अडचण आहे.

आनंदीबाईंनंतर पाच वर्षांतच, १८९२ मध्ये, मुंबईच्या गुरुबाई करमरकर यांनी त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून पदवी घेतली. त्यांचे पती सुमंतराव हेही त्या काळात शिक्षणासाठी अमेरिकेत होते. गुरुबाई परत आल्या आणि त्यांनी मुंबईत वीसहून अधिक वर्षे रुग्णसेवा केली. जे काम आनंदीबाईंना करायचे होते, ते त्यांच्या हातून झाले.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोकांना लोणारचे विवर परके नाही. उल्केच्या आघाताने झालेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा आहे. असेच एक आघात-विवर शुक्र ग्रहावर आहे, सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावे देण्याची पद्धत आहे. त्या विवराचे नाव आहे ‘जोशी’, आनंदीबाईंच्या आठवणीसाठी.