धनुष्यबाण बनवणारे सर्जन

सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्नासस टेकडीवर विद्यापीठाचे रुग्णालय होते आणि त्याच्या शेजारीच मानववंशशास्त्राचे संग्रहालय. 1912 साली डॉ. सॅक्सटन पोप या रुग्णालयात शल्यचिकित्सा शिकवायला आले, तेव्हा संग्रहालयात एक माणूस राहत होता. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा तो शेवटचा माणूस. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांनी त्याची माणसे मारली, उरलेले डोंगरात दडून राहिले आणि एकेक करून संपले. ऑगस्ट 1911 मध्ये तो ओरोव्हिल गावच्या कत्तलखान्यापाशी एकटा, उपाशी सापडला. स्वतःचे नाव सांगायचे नाही हा त्याच्या जमातीचा रिवाज. म्हणून प्राध्यापक क्रोबर यांनी त्याला इशी म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस.

पोप यांचा जन्म 1875 चा, टेक्सासमधला. वडील लष्करात सर्जन. पोप 1899 मध्ये डॉक्टर झाले, वॉटसनव्हिल या लहान गावात बरीच वर्षे प्रॅक्टिस केली. शहरात आल्यावर इशीच्या प्रकृतीची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि थोड्याच दिवसांत रुग्ण गुरू झाला.

इशी धनुष्य बनवत असे आणि पोप शेजारी बसून शिकत. जुनिपरचे लाकूड घ्यायचे, धनुष्याची लांबी आडव्या पसरलेल्या हाताच्या बोटांपासून दुसऱ्या बाजूच्या कमरेच्या हाडापर्यंत मोजायची. हरणाच्या पायातल्या कंडरा चघळून मऊ करायच्या आणि माशाच्या कातडीच्या सरसाने धनुष्याच्या पाठीवर चिकटवायच्या. सर्जनला यातले शास्त्र समजायला वेळ लागला नसणार. धनुष्य वाकते तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि नेमबाजाकडची बाजू दाबली जाते. कंडरा हा शरीरातला ताण सहन करणारा धागा. आपली टाच ओढणारी अकिलीस कंडरा धावताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे पेलते. नुसते लाकूड जिथे तडकले असते, तिथे इशीने हा धागा लावला होता. आजच्या स्पर्धांमधल्या कंपाउंड धनुष्यात कप्प्या आल्या, फायबरग्लास आणि कार्बन आले, पण पात्याच्या पाठीवरचा ताण आणि पोटावरचा दाब तोच आहे.

बाणाचे टोक ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे. हरणाच्या शिंगाने दाब देत देत इशी त्याचे कपचे उडवी. पोप यांनी नंतर पोलादी टोक आणि हे काचेचे टोक यांची तुलना केली. मांसात काच जास्त खोल गेली. यात नवल नाही. ऑब्सिडियनची ताजी धार पोलादी पात्यापेक्षा कितीतरी पातळ असते.

पोप त्यावर थांबले नाहीत. संग्रहालयातली निरनिराळ्या देशांची धनुष्ये, काहींच्या प्रतिकृती, ते ताणून पाहत, बाण किती दूर जातो ते मोजत आणि लिहून ठेवत. स्वतःसाठी त्यांनी पुढे यू या झाडाचे उंच इंग्लिश धनुष्य पसंत केले. या लाकडाचा बाहेरचा पांढरा भाग ताण सोसतो, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. कंडरा लावायची गरजच नाही. शिष्याने गुरूपेक्षा वेगळी वाट धरली, पण धनुष्य स्वतःच्या हातानेच घडवायचे हे सोडले नाही.

इशीही रुग्णालयात हिंडे. वॉर्डात रुग्णांच्या खाटांपाशी उभा राही. पोप यांनी एका रुग्णाचे मूत्रपिंड काढताना त्याने पाहिले. भुलीखाली निपचित पडलेला तो माणूस अजून जिवंत आहे का, हे तो नंतर कितीतरी दिवस विचारत राहिला. शवविच्छेदनाच्या खोलीत झाकून ठेवलेली प्रेते पाहून मात्र तो हादरला. मेलेल्याला हात लावू नये अशी त्याची धारणा होती. ती पोप यांना माहीत होती.

डोंगरात चाळीसएक वर्षे बाहेरच्या माणसांपासून दूर राहिलेला हा माणूस आता गर्दीच्या शहरात राहत होता. 1915 मध्ये त्याला क्षयाचे निदान झाले. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून तीन दशके होती. विश्रांती, पोषण आणि मोकळी हवा याखेरीज डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. 25 मार्च 1916 रोजी फुफ्फुसातून मोठा रक्तस्राव होऊन तो गेला. पोप त्याच्या उशाशी होते.

क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. शवविच्छेदन करू नका, असे त्यांनी पत्राने कळवले. तरीही ते झाले, आणि मेंदू काढून ठेवला गेला. पोप यांनी 1920 मध्ये इशीचा वैद्यकीय इतिहास प्रसिद्ध केला, त्यात शवविच्छेदनाचा अहवालही आहे. त्या काळी डॉक्टर मंडळींना यात वावगे वाटत नसे, हे खरे. पण पोप यांच्या बाबतीत ही सबब अपुरी पडते, कारण इशीला काय वाटले असते हे कळणाऱ्या मोजक्या माणसांपैकी ते एक होते. शवपेटीत इशीचे धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली आणि थोडी तंबाखू ठेवली गेली आणि दहन झाले.

पुढची दहा वर्षे पोप यांची ओळख शिकारी धनुर्धर म्हणूनच वाढली. मित्र आर्थर यंग यांच्याबरोबर 1920 मध्ये त्यांनी यलोस्टोनमध्ये संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वले मारली, 1925 मध्ये आफ्रिकेत सिंहांवर बाण चालवले. 1923 चे त्यांचे शिकारीवरचे पुस्तक अमेरिकेतल्या कितीतरी हौशी लोकांना धनुष्याकडे घेऊन आले. आज त्या शिकारी आपल्याला रुचणार नाहीत. ऑगस्ट 1926 मध्ये न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. वय पन्नास. पेनिसिलिनचा शोध लागायला दोन वर्षे बाकी होती.

इशीचा मेंदू 1917 मध्ये क्रोबर यांनीच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला होता. तो 2000 साली कॅलिफोर्नियातल्या रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या आदिवासी समूहांच्या हवाली करण्यात आला.