बॉब मार्ले

जमैका बेटावर नाइन माइल नांवाचें एक डोंगराळ खेडें आहे. तेथें ६ फेब्रुवारी १९४५ रोजीं बॉब मार्ले यांचा जन्म झाला. पित्याचा सहवास मुलास फारसा लाभला नाहीं. पुढें मायलेंकरें किंग्स्टन शहरांतील ट्रेंचटाऊन या दरिद्री वस्तींत राहावयास आलीं. तेथेंच १९६३ सालीं सोबत्यांसह त्यांनीं 'वेलर्स' हा गायकसंघ स्थापिला.

त्या काळीं तेथें 'स्का' नामक द्रुत लयीचें संगीत लोकप्रिय होतें. ती लय मंदावत जाऊन १९६८ च्या सुमारास 'रेगे' उदयास आलें. त्याची खुबी सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. वाचकांनीं चार मात्रा मोजाव्या. पहिल्या मात्रेवर ठोका यावयाचा, तर ड्रमवादक बहुधा तीच रिकामी सोडतो आणि जोर तिसरीवर देतो. (रूपक तालाच्या जाणकारांस याचें नवल वाटूं नये, तेथेंही पहिलीच मात्रा खाली असते.) गिटार दुसऱ्या व चौथ्या मात्रेस तुटक झणकारते, ऑर्गन मधल्या फटी भरतो, आणि एरवीं मागें राहणारी खर्जाची बास गिटार येथें जणूं दुसरें गाणेंच गाते. मार्ले यांच्या संघांत बास व ड्रम हीं वाद्यें अ‍ॅस्टन व कार्लटन या बॅरेट बंधूंच्या हातीं होतीं.

डिसेंबर १९७६ मध्यें राजकीय हाणामारीच्या दिवसांत मार्ले यांच्या घरीं गोळीबार झाला. ते जखमी झाले, तरी दोनच दिवसांनीं जाहीर जलशांत गायिले. २२ एप्रिल १९७८ रोजीं किंग्स्टन येथील जलशांत त्यांनीं पंतप्रधान मायकेल मॅनली व विरोधी पुढारी एडवर्ड सिआगा यांस रंगमंचावर बोलावून दोघांचे हात एकमेकांच्या हातीं दिले. रक्तपात मात्र तेवढ्यानें थांबला नाहीं.

११ मे १९८१ रोजीं मायामी येथें कर्करोगानें ते वारले. वय अवघें ३६ वर्षांचें होतें. त्यांचें दफन नाइन माइल येथेंच झालें.