दहा बोटांचं कार्ड आणि पाच शहरांचा करार : हुआन वुसेतिच यांची कहाणी

चोरी एका राज्यात, चोर दुसऱ्या राज्यात आणि त्याच्या जुन्या गुन्ह्याची फाइल तिसऱ्याच ठिकाणी. बेळगाव, चंदगड, सावंतवाडी, पेडणे या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. घाट उतरला की पोलीस ठाणं बदलतं, कागदाची भाषा बदलते. माणूस तोच असतो, पण त्याने सांगितलेलं नाव तेच असेल याची खात्री नसते. एका शहराने कितीही चोख नोंदी ठेवल्या तरी शेजारच्या शहराने तशाच ठेवल्या नाहीत, तर त्यांचा उपयोग निम्माच. आणि ठेवायच्या म्हटल्या तर पैसे कोणी घालायचे, हा वाद आलाच. दक्षिण अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी एका पोलीस कारकुनाने या प्रश्नात आयुष्य घातलं. त्यांचं नाव हुआन वुसेतिच.

नाव स्पॅनिश वाटलं तरी माणूस मूळचा तिकडचा नव्हे. २० जुलै १८५८ रोजी एड्रियाटिक समुद्रातल्या ह्वार बेटावर त्यांचा जन्म झाला. हे बेट आज क्रोएशियात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. घरचं नाव इव्हान वुचेतिच. योगायोग असा, की त्याच महिन्यात, २८ जुलैला, बंगालमध्ये हुगळी जिल्ह्यातले इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल यांनी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर उमटवून घेतला होता. सहीला माणूस पुढे नाकबूल होतो, हाताला कसा होईल, एवढाच साधा विचार त्यामागे होता. बोटांच्या ठशांच्या इतिहासात ही नोंद नेहमी पहिल्या पानावर येते.

इव्हान १८८४ मध्ये अर्जेंटिनाला गेले. त्या काळात युरोपातून बोटी भरभरून माणसं ब्वेनोस आयरेसच्या बंदरात उतरत होती. इटालियन, स्पॅनिश, क्रोएशियन, ज्यू, अरब. १८९५ मध्ये शहराची वस्ती साडेसहा लाखांच्या वर होती, १९१४ मध्ये पंधरा लाखांच्या पुढे गेली. यातली निम्मी माणसं परदेशात जन्मलेली. कोण कुठून आला, आधी काय करत होता, खरं नाव काय, कशाचाच पत्ता नाही. बंदरावर उतरताना इव्हानचं हुआन झालं, तसं कित्येकांचं झालं. प्रामाणिक माणसालाही नवं नाव मिळत होतं, लबाडालाही.

इथली एक गोष्ट सीमाभागातल्या वाचकाला चटकन कळेल. ब्वेनोस आयरेस शहर १८८० मध्ये प्रांतापासून तोडून थेट केंद्राच्या ताब्यात दिलं गेलं. प्रांत राजधानीविना उरला. मग १८८२ मध्ये ला प्लाता हे नवं शहर आखून वसवलं गेलं. दोन शहरांमध्ये साठेक किलोमीटरचं अंतर, लोक तेच, व्यापार तोच, पण पोलीस दलं दोन, वरिष्ठ वेगळे, तिजोऱ्या वेगळ्या. पाकीटमार सकाळी एका शहरात आणि संध्याकाळी दुसऱ्या शहरात. नदीपात्राच्या पलीकडे उरुग्वेची राजधानी मोन्तेविदेओ, बोटीने तिथेही जाता येत होतं.

वुसेतिच १८८८ मध्ये ला प्लाताच्या प्रांतिक पोलीस खात्यात लागले. काम हिशेबाचं, नंतर आकडेवारीचं. हातात दंडुका घेऊन फिरणारे ते पोलीस नव्हेत. टेबलावर बसून रकाने भरणारे. पण रकाने भरणाऱ्यालाच कळतं की कुठला रकाना खोटा भरला जातोय. तोच माणूस तीन नावांनी तीनदा तुरुंगात येतो आणि दर वेळी पहिलटकर म्हणून सुटतो, हे आकडेवारीच्या माणसाला खटकणारच.

१८९१ मध्ये पोलीस प्रमुख गिल्येर्मो नुनेस यांनी त्यांना फ्रान्सची पद्धत सुरू करायला सांगितलं. पॅरिसचे आल्फोन्स बर्तियाँ कैद्याच्या शरीराची अकरा मापं घेऊन ओळख पटवत असत. डोक्याची लांबी, मधल्या बोटाची लांबी, हाताचा पसारा वगैरे. जगभर तिचा बोलबाला होता. नुनेस यांनी सोबत एक फ्रेंच विज्ञान नियतकालिकही दिलं, आणि त्यात लंडनच्या फ्रान्सिस गॉल्टन यांच्या बोटांच्या ठशांवरच्या संशोधनाची माहिती होती. हुकूम मापांचा होता. वुसेतिच यांचं लक्ष गेलं ठशांकडे.

१ सप्टेंबर १८९१ रोजी त्यांनी २३ कैद्यांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले. ठसे माणसाला वेगळं ओळखतात हे गॉल्टन सांगत होते, ते ठीक. पण हजारो कार्डांच्या गठ्ठ्यातून नेमकं एक शोधायचं कसं? बरेच प्रयोग करून वुसेतिच यांनी सगळे ठसे चार मूळ प्रकारांत बसवले: कमान, आतल्या बाजूचा फास, बाहेरच्या बाजूचा फास आणि भोवरा. अंगठ्याला अक्षर, बाकीच्या बोटांना १ ते ४ आकडा. दहा बोटं, प्रत्येकाला चार शक्यता, म्हणजे दहा लाखांहून जास्त वेगवेगळी सूत्रं निघतात. कार्ड त्या सूत्राच्या खणात टाकायचं. नवा माणूस आला की त्याचं सूत्र काढायचं आणि तो खण उघडायचा. संपलं.

खर्चाचा प्रश्न इथे येतो, आणि वुसेतिच यांचं खरं मोठेपणही इथेच दिसतं. बर्तियाँ पद्धतीला किमती मापनयंत्रं लागत, तरबेज माणसं लागत, फोटोची व्यवस्था लागे. दोन कारकुनांनी घेतलेली मापं जुळतीलच याचीही हमी नसे. ठशांना शाई, एक रूळ, एक पाटी आणि जाड कागद पुरे. लहान गावाच्या ठाण्यालाही हे परवडत होतं. शिवाय सूत्र दोन ओळींत मावतं. ते पत्रात लिहिता येतं, तारेने कळवता येतं. दुसऱ्या शहरातल्या कारकुनाने तेच चार प्रकार मानले असतील तर शोध काही मिनिटांचा. ठसा घेणं स्वस्तच होतं. पैसा लागायचा तो कार्डं सांभाळायला, ती चाळायला आणि ते करणारा माणूस वर्षानुवर्षं बसवून ठेवायला. हा खर्च दिसत नाही, म्हणून तोच आधी कापला जातो.

पहिली मोठी परीक्षा १८९२ च्या जूनमध्ये झाली. समुद्रकाठच्या नेकोचेआ गावात फ्रान्सिस्का रोहास या बाईची दोन लहान मुलं घरात मारलेली सापडली. तिच्याही गळ्यावर जखम होती. तिने वेलास्केस नावाच्या ओळखीच्या माणसाकडे बोट दाखवलं. स्थानिक पोलिसांनी त्याला पकडलं, भरपूर छळलं, पण तो कबूल होईना. मग ला प्लाताहून एदुआर्दो अल्वारेस हे अधिकारी आले. दाराच्या लाकडावर त्यांना रक्ताचा बोटाचा डाग दिसला. त्यांनी तेवढा तुकडा कापून घेतला आणि बाईच्या बोटांशी ताडून पाहिला. ठसा तिच्याच उजव्या अंगठ्याचा निघाला. पुरावा समोर ठेवल्यावर तिने गुन्हा कबूल केला आणि तिला जन्मठेप झाली. बोटाच्या ठशावरून खुनाचा उलगडा होण्याची ही जगातली पहिली घटना मानली जाते. खुनी सापडली हे खरंच. पण एक निरपराध माणूस त्या लाकडाच्या तुकड्यामुळे वाचला, हेही तितकंच खरं, आणि ते सांगायचं सहसा राहून जातं.

एवढं होऊनही खातं लगेच वळलं नाही. वर बसलेल्यांना पॅरिसची मापंच शास्त्रीय वाटत होती. मधल्या काळात ठशांचं काम बाजूला ठेवायला सांगण्यात आलं, तेव्हा वुसेतिच यांनी पदरमोड करून ते चालू ठेवलं. सरकारी कामासाठी खिशात हात घालणारा कारकून सगळीकडे असतो. त्याला शाबासकी मिळते ती फार उशिरा. शेवटी १८९६ मध्ये प्रांताच्या पोलिसांनी शरीराची मापं सोडली आणि फक्त ठशांवर भिस्त ठेवली. त्यानंतर वर्षभराने, १८९७ मध्ये, कलकत्त्याला एडवर्ड हेन्री यांचा फिंगरप्रिंट ब्यूरो उभा राहिला. त्यातल्या वर्गवारीचं बरंच काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचं होतं. इंग्रजी अमलाखालचा मुलूख हेन्रींच्या वाटेने गेला, स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणारा बराचसा मुलूख वुसेतिच यांच्या.

शेजाऱ्याशिवाय आपलं कपाट अपुरं, हे वुसेतिच यांनी लवकर ओळखलं होतं. १९०१ मध्ये मोन्तेविदेओच्या वैज्ञानिक परिषदेत त्यांनी आपली पद्धत मांडली आणि देशादेशांत ओळखपत्रकांची देवाणघेवाण व्हावी असा आग्रह धरला. १९०४ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. रिओ दी जानेरोने १९०३ मध्येच ही पद्धत उचलली होती. तिथे फेलिक्स पाशेको यांनी ती रुजवली. आणि गंमत पाहा, साठ किलोमीटरवरची राजधानी मात्र बरीच वर्षं बर्तियाँनाच धरून बसली होती. दूरचा पटकन ऐकतो, शेजारी मानपानात अडकतो.

ऑक्टोबर १९०५ मध्ये अखेर ब्वेनोस आयरेसमध्ये बैठक भरली. ला प्लाता, ब्वेनोस आयरेस, मोन्तेविदेओ, रिओ दी जानेरो आणि सांतियागो, अशा चार देशांतल्या पाच शहरांच्या पोलीस दलांनी करार केला. ओळख पटवायची ती वुसेतिच पद्धतीने, आणि धोकादायक माणसांची माहिती एकमेकांना पुरवायची. करार शहरांच्या पोलिसांमधला होता, हे महत्त्वाचं. ठसे घेणं, कार्ड लावणं, नक्कल करून पाठवणं हे ज्याचं त्याच्या कचेरीत चालायचं. पद्धत तेवढी सगळ्यांची एक. ओझं वाटून घ्यायची ही रीत साधीच, पण तिच्यामुळे एकट्या शहराला न झेपणारं काम पाच जणांना झेपलं. १९२० मध्ये करार पुन्हा झाला, तेव्हा बोलिव्हिया, पेरू आणि पाराग्वेही आत आले.

पण ‘धोकादायक’ कोणाला म्हणायचं? यादीत सराईत चोर होते, बायकांचा व्यापार करणारे होते, आणि समाजव्यवस्था उलथवायला चिथावणारेही होते. अर्जेंटिनात १९०२ पासून परदेशी माणसाला खटल्याशिवाय हाकलण्याचा कायदा होता आणि त्याचा वरवंटा कामगार चळवळीतल्या माणसांवर फिरत होता. दाराच्या लाकडावरच्या ठशाने वेलास्केसला वाचवलं. तशाच कार्डाने संप करणारा गवंडी पुढच्या बंदरात उतरण्याआधीच ओळखला जाऊ शकत होता. वुसेतिच यांना हे धोके किती जाणवले होते कोण जाणे. त्यांचा ओढा सगळ्यांची नोंद ठेवण्याकडेच होता.

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर ते जग फिरायला निघाले. १९१३ मध्ये पॅरिसला बर्तियाँ यांना भेटायला गेले, तर त्यांनी तुसडेपणाने परत पाठवलं. बर्तियाँ पुढच्याच वर्षी वारले आणि त्यांच्या मापांचा जमानाही संपत आला.

१९१६ मध्ये ब्वेनोस आयरेस प्रांताने कायदा करून प्रत्येक रहिवाशाची नोंदणी करायचं ठरवलं. कैद्यांचीच नव्हे, सगळ्यांची. प्रमुखपदी वुसेतिच. आतापर्यंत ठसे म्हणजे चोराचं काम अशी लोकांची समजूत होती. सरळमार्गी माणसाने बोटं काळी करून द्यायची हा त्यांना अपमान वाटला. खर्चावरूनही कुरबुरी होत्याच. १९१७ मध्ये केंद्राने प्रांताचा कारभार हाती घेतला आणि ही नोंदणी रद्द केली. जमवलेले कागद ताब्यात घेतले गेले. आधार कार्डासाठी रांगेत उभं राहून दहा बोटं यंत्रावर ठेवलेल्या पिढीला हा गदारोळ कदाचित नवलाचा वाटेल.

भारतातही ठशांची कपाटं राज्याराज्यांत वेगळी होती. देशभरच्या गुन्हेगारांचे ठसे एका जागी शोधता यावेत म्हणून केंद्राने उभारलेली ‘नाफिस’ ही संगणकीय यंत्रणा ऑगस्ट २०२२ मध्ये औपचारिकपणे सुरू झाली. त्याआधीच, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, तिच्या मदतीने एका मृत व्यक्तीची ओळख पटवणारं मध्य प्रदेश हे पहिलं राज्य ठरलं होतं. ब्वेनोस आयरेसच्या करारानंतर ११७ वर्षांनी.

शेवटची वर्षं वुसेतिच यांनी दोलोरेस या लहान गावात काढली. क्षयाने आणि पोटाच्या कर्करोगाने शरीर पोखरलं होतं, नोंदणी मोडल्याची सल वेगळी. आपली पुस्तकं आणि कागदपत्रं त्यांनी ला प्लाताच्या विद्यापीठाला देऊन टाकली. २५ जानेवारी १९२५ रोजी ते वारले. ज्या प्रांतात त्यांची नोंदणी रद्द झाली होती, त्याच प्रांताच्या पोलीस प्रशिक्षण शाळेला पुढे हुआन वुसेतिच यांचं नाव देण्यात आलं.