लक्ष्मणराव किर्लोस्कर : ध्येय आणि ताळेबंद

संस्था ध्येयातून जन्मास येते, परंतु जगते ती हिशेबावर. हे सत्य ज्यांनी आचरणात आणले, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांधळेपणामुळे ती वाट खुंटली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. ती नोकरी सोडून ते बेळगावास आले आणि बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या दुकानात रमले.

दुकानाने प्रपंच चालला. मन मात्र शेतीच्या अवजारांकडे ओढ घेत होते. कडबा कापण्याच्या यंत्रामागून १९०३ मध्ये लोखंडी नांगर सिद्ध झाला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. तुटपुंज्या भांडवलाच्या कारखानदारास एवढा धीर परवडणारा नव्हता. तरीही त्यांनी नांगर सोडला नाही. पुढे रयत शिक्षण संस्था उभारणारे भाऊराव पाटीलही काही काळ या नांगराचे विक्रेते होते.

इतक्यात दुसरे संकट ओढवले. ठळकवाडीच्या, म्हणजे आजच्या टिळकवाडीच्या, नव्या वसाहतीच्या आखणीत कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने व्यापलेल्या, सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेथे अस्पृश्यतेस थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांवर रात्रीच्या राखणीचा विश्वास टाकला गेला. ही समाजसुधारणा वर्गणीवर नव्हे, तर नांगराच्या मिळकतीवर उभी होती. म्हणून कारखान्याचा ताळेबंद तुटला असता, तर वाडीही मोडली असती.

१९२० मध्ये उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी मालाच्या प्रसिद्धीसाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. जोडीस १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. जाहिरातीच्या खर्चातून मराठी वाचकांच्या पिढ्या घडल्या आणि ग्रंथालयांची टेबले समृद्ध झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. नफ्याला त्यांनी कधी हीन लेखले नाही आणि त्याला ध्येयाच्या आसनावरही बसविले नाही. लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्थांनी त्यांच्या चरित्रातून घ्यावा, तो हाच धडा होय.