नीसमधला हिवाळा

चेकॉव्हचे चरित्र वाचताना नीस हे गाव आले, की मी पूर्वी पाने भराभर उलटत असे. साखालीन बेटाचा प्रवास, मेलिखोवोची शेतीवाडी, मॉस्को आर्ट थिएटर या साऱ्यांच्या मध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठी हवापालटासाठी काढलेले काही महिने म्हणजे नुसती सुट्टी, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी टायफॉइडने मलाच दीड महिना अंथरुण धरायला लावले. उठू नको, बोलू नको, वाचू नको, असा घरच्यांचा हुकूम होता. त्यातला शेवटचा तेवढा सोडून बाकीचे मी आनंदाने पाळले. त्या दिवसांत ती वगळलेली पाने पुन्हा उघडली, आणि आपण काय वगळत होतो ते ध्यानात आले.

१८९७ च्या मार्चमध्ये मॉस्कोच्या एका उपाहारगृहात जेवायला बसला असताना चेकॉव्हच्या तोंडातून रक्त येऊ लागले. समोर त्याचा स्नेही आणि प्रकाशक सुव्होरिन बसला होता. चेकॉव्ह स्वतः डॉक्टर. रक्त पडण्याचा प्रकार १८८४ पासून चालू होता. पण दुसऱ्यांची छाती तपासणाऱ्या या माणसाने स्वतःची कधी कुणाला धड तपासू दिली नाही. आता इलाज उरला नाही. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागांत क्षय निघाला. हिवाळा उबदार प्रदेशात काढावा, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या वेळी त्याचे वय होते अवघे ३७.

सप्टेंबरात तो निघाला. आधी अटलांटिककाठच्या बियारित्झला, आणि मग भूमध्य समुद्रावरच्या नीसला. तिथे रशियन लोकांसाठी चालवलेल्या एका खाणावळवजा निवासात त्याने खोली घेतली. बाहेर ताडामाडांच्या ओळी, संत्र्याची झाडे, श्रीमंत परदेशी लोकांनी फुललेला समुद्रकाठचा लांबलचक रस्ता. तिथेही काही दिवस रक्त पडलेच. पण घरच्यांना काळजी नको म्हणून दुखण्याविषयी तो फार बोलत नसे. जवळच्या बोल्यो गावात समाजशास्त्रज्ञ कोवालेव्हस्की राहत असे. त्याच्याबरोबर समुद्रापार अल्जिअर्सला जाण्याचा बेत चेकॉव्हने मोठ्या हौसेने आखला. मात्र ऐन वेळी कोवालेव्हस्कीच आजारी पडला, आणि आफ्रिका राहून गेली. सात वर्षांपूर्वी साखालीनहून परतताना सिंहलद्वीपापर्यंत येऊन गेलेल्या या माणसाला त्याची चुटपुट लागली असणार. मॉन्टे कार्लोच्या जुगारघरातही तो डोकावून आला. (आमच्या सरांना हे आवडणार नाही, पण खरे ते लिहिले पाहिजे.)

परक्या टेबलावर आपल्याला लिहिता येत नाही, अशी त्याची तक्रार असे. तरी ‘गाडीतून’ ही कथा त्याने इथेच लिहिली. तेरा वर्षे एकाच खेड्यात शिकवून थकलेली एक मास्तरीण पगार घेऊन चिखलाच्या रस्त्याने गाडीतून घरी येते, एवढेच कथानक. खिडकीबाहेर निळा समुद्र आणि कागदावर रशियातला चिखल! त्याने मेलिखोवोच्या आसपास शाळा बांधवल्या होत्या. मास्तरांचे हाल त्याने पाहिलेले होते. हीच ओढ तागानरोग या त्याच्या जन्मगावाविषयीही होती. तिथल्या वाचनालयासाठी त्याने नीसमध्ये फ्रेंच लेखकांचे तीनशेहून अधिक ग्रंथ जमवून पाठवले.

तो फ्रेंचचे धडे घेऊ लागला होता, रोज वर्तमानपत्रे वाचत होता. त्या दिवसांत फ्रान्समध्ये ड्रेफसचे प्रकरण पेटले होते. ड्रेफस हा ज्यू लष्करी अधिकारी. १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून त्याला शिक्षा झालेली. १३ जानेवारी १८९८ रोजी झोलाने आपले गाजलेले खुले पत्र छापून सेनाधिकाऱ्यांवर उघड आरोप केले, आणि फेब्रुवारीत झोलावरच खटला भरून त्याला एक वर्षाची कैद ठोठावण्यात आली. चेकॉव्ह खटल्याचे सविस्तर वृत्तान्त वाचत होता. चळवळींपासून, जाहीरनाम्यांपासून लांब राहणारा हा लेखक. पण पुरावे वाचून त्याची खात्री पटली, की ड्रेफस निर्दोष आहे आणि झोलाचे बरोबर आहे.

इकडे पीटर्सबर्गमध्ये सुव्होरिनचे वर्तमानपत्र झोलावर आणि ज्यूंवर गरळ ओकत होते. हा सुव्होरिन म्हणजे कोण? १८८६ मध्ये तरुण चेकॉव्हला ज्याने मोठ्या पत्राची दारे उघडून दिली, ज्याच्यासंगे त्याने इटली पाहिली, जो त्या रक्ताच्या दिवशी समोर होता, तोच. फेब्रुवारीत चेकॉव्हने त्याला एक लांब पत्र लिहून झोलाची बाजू मुद्देसूद मांडली. वर्तमानपत्राने आपला रोख बदलला नाही. दोघांचा पत्रव्यवहार पुढे चालू राहिला, पण पूर्वीचा जिव्हाळा उरला नाही. आजारपणात, परमुलखात, असा मित्र गमावणे मला जमले असते का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मार्चमध्ये ब्राझ हा चित्रकार त्याचे चित्र काढायला नीसला आला. खुर्चीत बसलेला, डोळ्यांवर चिमटा-चष्मा, डोके हातावर टेकलेले, असे ते चित्र आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. पुस्तकांतूनही ते पुष्कळदा भेटते. चेकॉव्हला ते मुळीच पसंत नव्हते. एप्रिलमध्ये तो पॅरिसला गेला, ड्रेफसची बाजू सर्वांआधी मांडणाऱ्या बर्नार लाझारला भेटला, आणि मे महिन्यात मेलिखोवोला परतला. त्या उन्हाळ्यात त्याने तीन कथा लिहिल्या. ‘कवचातला माणूस’ ही त्यांतली पहिली.